आभासी स्थानिक जाळे

आभासी स्थानिक जाळे (व्हीलॅन) म्हणजे एकाच भौतिक संगणकीय जाळ्याचा तार्किकदृष्ट्या स्वतंत्र केलेला विभाग होय. एका व्हीलॅनमधील ब्रॉडकास्ट संदेश दुसऱ्यात पोहोचत नाहीत. उदाहरणार्थ, सिरसाळा (ता. परळी, जि. बीड) येथील एखाद्या महाविद्यालयाच्या दोन इमारतींत कार्यालय, प्रयोगशाळा व पाहुण्यांचे वाय-फाय त्याच स्विचांवर असले, तरी प्रत्येकाची वाहतूक वेगळी ठेवता येते.

कार्यपद्धती

संगणक ज्या पोर्टला जोडला जातो, त्यास ॲक्सेस पोर्ट म्हणतात. तो सामान्यतः एकाच व्हीलॅनचा असतो. दोन स्विचांना जोडणाऱ्या ट्रंक दुव्यावरून मात्र अनेक व्हीलॅनची वाहतूक जाते. कोणती फ्रेम कोणत्या व्हीलॅनची आहे हे कळावे, म्हणून १९९८ च्या आयईईई ८०२.१क्यू मानकानुसार तिच्यात ४ बाइटांची खूण घातली जाते. खुणेतील क्रमांक १२ बिटांचा असतो. ४,०९६ मूल्यांपैकी ० व ४,०९५ राखीव असल्याने ४,०९४ क्रमांक वापरता येतात. ट्रंकच्या एका टोकाला जरी एखादा व्हीलॅन मंजूर नसला, तरी दोन इमारतींमधील त्याचा संपर्क तुटतो.

सुरक्षितता

खुणेमुळे माहिती कूटबद्ध होत नाही. दोन व्हीलॅनमधील संवाद राउटर किंवा तिसऱ्या स्तरावरील स्विचमार्फत होतो; तेथे प्रवेशनियम न घातल्यास पाहुण्याचा मोबाइल कार्यालयाच्या संगणकापर्यंत पोहोचू शकतो. ट्रंकवरील खूण नसलेल्या फ्रेम नेटिव्ह व्हीलॅनच्या मानल्या जातात. वापरकर्ते त्याच व्हीलॅनमध्ये असल्यास दुहेरी खुणेची फ्रेम परक्या व्हीलॅनमध्ये घुसवता येते. म्हणून नेटिव्ह व्हीलॅन वापरकर्त्यांना देत नाहीत आणि ट्रंकवर आवश्यक तेवढेच व्हीलॅन मंजूर करतात.