ऐनूंना 'मूलनिवासी' म्हणून मान्यता मिळाली, मग सॅमन पकडायला परवानगी का लागते?

जपान म्हणजे एक देश, एक भाषा, एकच वंश, असं अनेकांना वाटतं. १९८६ मध्ये पंतप्रधान नाकासोने यांनीही जपान एकवंशीय देश असल्याचं म्हटलं होतं. त्यावर सर्वात जास्त भडकले ते ऐनू.

ऐनू कोण?

ऐनू हे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे. १८६९ मध्ये मेइजी सरकारने हे बेट ताब्यात घेतलं. पुढे ऐनूंची जमीन सरकारी ठरवून बाहेरून आलेल्यांना वाटली. नद्यांत सॅमन पकडण्यावरही बंदी आली. हा मासा ऐनूंचं रोजचं अन्न होता आणि देवाची देणगीही. १८९९ च्या कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता, पण हेतू ऐनूंना शेतकरी आणि 'जपानी' बनवण्याचा होता. तो रद्द व्हायला १९९७ उजाडलं.

मान्यता कशी मिळाली?

त्याच वर्षी साप्पोरोच्या न्यायालयाने ऐनू मूलनिवासी असल्याचं मान्य केलं. निबुतानी धरणासाठी त्यांची जमीन घेणं बेकायदा होतं, असंही सांगितलं. पण धरण आधीच बांधून झालं होतं, त्यामुळे ते तसंच राहिलं. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. २००८ मध्ये जपानच्या संसदेने ऐनूंच्या बाजूने एकमताने ठराव केला. २०१९ मध्ये त्यांना प्रथमच कायद्यात 'मूलनिवासी' म्हटलं गेलं.

मग अडलं कुठे?

२०१९ च्या कायद्यात भेदभावाला मनाई आहे, पण शिक्षेची तरतूद नाही. संस्कृती जपायला निधी आहे, पण जमिनीचा किंवा मासेमारीचा हक्क नाही. पारंपरिक विधीसाठी नदीतला सॅमन पकडायचा तर परवानगी काढावी लागते. परवानगी सरकार देतं आणि नाकारूही शकतं. हक्काचं तसं नसतं.

याच मुद्द्यावर २०२० मध्ये उराहोरो गावातल्या ऐनूंच्या गटाने न्यायालयात दाद मागितली. एप्रिल २०२४ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.

२०२० मध्येच शिराओई इथं ऐनूंचं भव्य राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. तिथं त्यांची नृत्यं, भाषा, वस्त्रं पाहायला मिळतात. म्हणजे ऐनूंची संस्कृती आता जपानची ओळख म्हणून मिरवली जाते, पण ज्या नदीवर ती उभी राहिली, त्या नदीवर त्यांचा हक्क अजून मान्य झालेला नाही.