बाटली भरलेलीच परत का येते?

संध्याकाळी सॅक उघडली की आईचा ठरलेला डायलॉग येतो, "अगं, पाणी तसंच परत आणलंस?" सकाळी मोशीहून किंवा निगडीहून निघताना भरलेली लिटरभराची बाटली रात्री आठ वाजता चार घोट कमी होऊन घरी परत. तुमच्याकडे असं होत नसेल तर खुशाल पान उलटा. होत असेल तर थांबा. 'भरपूर पाणी प्या' हे सांगायला हा लेख नाही, ते तुम्हाला चौथीपासून पाठ आहे. पाठ असूनही आपण पीत का नाही, हा खरा प्रश्न आहे.

माझी एक मैत्रीण डिप्लोमा झाल्यावर चाकणच्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागली. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला बस. तिचं गणित सरळ होतं. लाईन सोडून वॉशरूमला जायचं तर रिलीव्हर लागतो. रिलीव्हर हवा तर सुपरवायझरला सांगायचं. सुपरवायझर पुरुष, आजूबाजूला सगळी मुलं. त्यापेक्षा पाणीच नको. येताना बस तळेगाव चौकात अडकली तर पुढचा तास कुठे उतरणार, हे वेगळंच. तीन महिन्यांत तिला दोनदा उन्हाळी लागली. दुसऱ्यांदा तर थंडीताप आणि कंबरदुखीसकट. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितेस?" ती म्हणाली, "घरी आल्यावर पिते ना."

हे फक्त कंपनीतलं नाही. कॉलेजच्या वॉशरूमला कडी नसते, नळाला पाणी नसतं, किंवा ते नॅकची टीम येते तेव्हाच चकाचक असतं. मुली मग सकाळी नऊ ते चार कोरड्या राहतात आणि हे कुणाला सांगतही नाहीत. मुलींचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे जंतूंना वर मूत्राशयापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. वारंवार लघवी होत राहिली तर ते धुतले जातात. कमी पाणी आणि वर दाबून ठेवणं, म्हणजे त्यांना आयतं घर. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. वारंवार असा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या 140 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिलं. वर्षभरात त्यांचं दुखणं जवळपास निम्म्यावर आलं, अँटिबायोटिकही कमी लागली. तुम्हाला हा त्रास होत असेल तर आधी डॉक्टरकडे जा. ताप आणि कंबरदुखी असेल तर त्याच दिवशी, कारण तेव्हा गोष्ट किडनीपर्यंत गेलेली असू शकते.

मुलांनो, तुमची सुटका नाही. दुपारी तीनच्या लेक्चरला डोकं जड होतं, तेव्हा आपण टपरीवर कटिंग मारतो आणि बरं वाटतं. चहाने बरं वाटतं हे खरं, पण त्यात चहाइतकाच हात पाण्याचाही असू शकतो. (चहाने शरीरातलं पाणी कमी होतं ही समजूत सोडा. दिवसाचे दोन-तीन कप पाण्यातच मोजा. साखर मात्र साखरेतच मोजा.) शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष लागत नाही, चिडचिड होते. साठ किलोच्या माणसाला हे म्हणजे सहाशे मिलिलिटर ते सव्वा लिटर. मे महिन्यात भोसरी ते चाकण बाईकवर, हेल्मेट आणि जॅकेट घालून, ट्रॅफिकमधून जाऊन बघा, किती घाम जातो ते.

मग प्यायचं किती? 'रोज आठ ग्लास'ला भक्कम पुरावा नाही. 1945 मध्ये अमेरिकेतल्या एका मंडळानं दिवसाला अडीच लिटर असा आकडा दिला, आणि पुढे म्हटलं की त्यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. आपली आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर, कलिंगड हे सगळं त्या हिशोबात येतं. एसीतल्या वर्गात बसणाऱ्याला आणि फोर्जिंग शॉपमध्ये भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला एकच आकडा कसा लागू होईल? सोपी खूण लघवीच्या रंगाची. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर ती भडक पिवळी दिसणारच, घाबरू नका.

आणि अतिही नको. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं सापडलं. मुख्य कारण म्हणजे धावताना गरजेपेक्षा जास्त पिणं. चॅलेंज म्हणून एका दमात दोन-तीन लिटर पिण्याच्या रील्स दिसल्या की हे आठवा.

उलट्या-जुलाब असतील तर नुसतं पाणी पुरत नाही, तिथे ओआरएस. 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांखाली आला. इतकं स्वस्त औषध. पण मेडिकलमधून घेताना पाकीट वाचा. 'ओआरएस' नाव लावून गोड पेयं विकली जात होती, म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा.

आता 'स्वच्छ पाणी' हे लिहायला सोपं. पवना धरणातलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडला मिळतं. धरणातून थेट जलवाहिनी टाकायला मावळात विरोध झाला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पोलीस गोळीबारात तीन शेतकरी गेले. नळ सोडताना हे कधी तरी मनात येऊ द्या. नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. पीजीत, कॉट बेसिसवर राहणाऱ्यांच्या वाट्याला टँकर आणि जार येतात. जार कुठे भरला जातो, टाकी शेवटची कधी धुतली, हे मालकाला विचारायला लाजू नका. खात्री नसेल तर उकळा.

लाजण्यावरून आठवलं. 1948 च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये पिण्याच्या पाण्यावर एक अख्खं कलम होतं. पाण्याची जागा स्वच्छतागृहापासून सहा मीटरच्या आत नको, तिथे कामगारांना समजणाऱ्या भाषेत 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं हवं, अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात ते गार हवं. पुढच्याच कलमात स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, आणि कामगार कारखान्यात असेपर्यंत 'कोणत्याही वेळी' तिथे जाता यावं, असं लिहिलेलं. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही पाणी आणि वेगळी स्वच्छतागृहं आहेतच. म्हणजे वॉशरूमला जायला रिलीव्हर मागणं ही मेहेरबानी मागणं नव्हे.

मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती एकटी गेली नाही. लाईनवरच्या चौघी मिळून एचआरकडे गेल्या. फार काही झालं नाही. प्रत्येक शिफ्टला दोन ठरलेल्या वेळा आणि त्या वेळेला एक रिलीव्हर, एवढंच मिळालं. सुपरवायझरला सांगायची गरज उरली नाही. तळेगाव चौक अजून तसाच आहे, त्यामुळे सुट्टीच्या आधीचा शेवटचा तास ती अजूनही बाटलीला हात लावत नाही. पण घरी येते तेव्हा बाटली बऱ्यापैकी रिकामी असते.