क्लाउडवरील एन्क्रिप्शनची सक्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यात फायली 'बकेट' नावाच्या कप्प्यांत ठेवल्या जातात आणि त्या कप्प्याशी कोणी, कोणत्या अटींवर, काय करावे हे 'बकेट पॉलिसी' या नियमपत्रकात लिहिलेले असते. फायली एन्क्रिप्शनसह, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाहीत अशा रूपातच, साठवल्या जाव्यात अशी सक्ती या नियमपत्रकातून करता येते हे संगणक विभागांत बहुतेकांना ठाऊक असते; ती सक्ती नेमकी कशी चालते याविषयी मात्र बरेच गैरसमज आढळतात.

त्यांतील मूळचा गैरसमज असा की पॉलिसीच फायलींचे एन्क्रिप्शन करते. वस्तुतः पॉलिसी फाईल उघडत नाही आणि तिच्यातील एक अक्षरही बदलत नाही. फाईल पाठवणारा प्रोग्राम जी विनंती करतो तिच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुरासोबत जाणाऱ्या सूचनांमध्ये, कोणते एन्क्रिप्शन मागितले आहे एवढेच ती पाहते आणि अट न जुळल्यास विनंती नाकारते. प्रत्यक्ष काम त्यानंतर सेवेचा सर्व्हर करतो. साहजिकच आधीपासून बकेटमध्ये असलेल्या फायलींवर नव्या पॉलिसीचा परिणाम होत नाही.

५ जानेवारी २०२३ पासून एस-थ्रीवर येणारी प्रत्येक नवी फाईल आपोआप एन्क्रिप्ट होते, तेव्हा आता पॉलिसीची गरज उरली नाही, असेही म्हटले जाते. हे अर्धे खरे आहे. एन्क्रिप्शन असावे एवढीच अपेक्षा असेल, तर हेडर नसलेली विनंती नाकारण्याचा जुना सल्ला आज खरोखरच कालबाह्य झाला आहे. परंतु आपोआप होणाऱ्या या एन्क्रिप्शनची किल्ली ॲमेझॉनच सांभाळते. संस्थेला स्वतःच्या ताब्यातील किल्ली हवी असेल, तर किल्ल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या 'केएमएस' या वेगळ्या सेवेतील ठरावीक किल्ली बकेटच्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये नोंदवता येते, पण फाईल पाठवणाऱ्याने हेडरमध्ये दुसरा पर्याय लिहिला की ते सेटिंग बाजूला पडते. इतकेच नव्हे, 'केएमएस हवे' एवढेच लिहून किल्ली न सांगितल्यास संस्थेच्या किल्लीऐवजी ॲमेझॉनने त्या खात्यासाठी निर्माण केलेली किल्ली वापरली जाते. डीफॉल्ट ही सोय आहे, सक्ती नव्हे. सक्ती हवी असेल तर ठरावीक किल्लीची अट पॉलिसीतच लिहावी लागते.

येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. पॉलिसीची तपासणी डीफॉल्ट सेटिंग लागू होण्याच्या आधी होते, त्यामुळे सेटिंग अचूक असूनही हेडर नसलेली विनंती '४०३' हा नकाराचा क्रमांक घेऊन परत येऊ शकते. 'स्ट्रिंग-नॉट-इक्वल्स', म्हणजे 'मूल्य याच्यासारखे नसेल तर', ही अट हेडर मुळातच नसतानाही पूर्ण झाली असे धरले जाते आणि नकाराचा नियम लागू होतो. त्याच नियमात 'नल : फॉल्स', म्हणजे 'हेडर गैरहजर नसेल तर', ही दुसरी अट जोडली की हेडर असेल तरच ते तपासले जाते आणि नसेल तर फाईल डीफॉल्टच्या हवाली होते. ही दुसरी वाट सोयीची खरी, पण मग डीफॉल्ट सेटिंग बदलण्याचा अधिकार मोजक्याच हातांत ठेवणे ओघाने आले. अनेक जण तो सर्वांना मोकळा ठेवून पॉलिसीतील अल्पविराम तपासत बसतात!

एन्क्रिप्शन असले की बकेट चुकून सर्वांसाठी खुली राहिली तरी बिघडत नाही, ही समजूत सर्वांत घातक आहे. ॲमेझॉनच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली फाईल वाचण्याची परवानगी ज्याला आहे त्याला सर्व्हर ती उलगडूनच देतो, मग तो अनोळखी का असेना. केएमएसची किल्ली असल्यास ती वापरण्याची वेगळी परवानगी लागते व निनावी वाचकाला फाईल मिळत नाही. तरीही दोन्ही परवानग्या एकाच भूमिकेकडे, म्हणजे परवानग्यांचा संच जोडलेल्या ओळखीकडे, असतील तर त्या भूमिकेची ओळखपत्रे चोरणाऱ्याला दोन्ही मिळतात. जुलै २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनडावासी व्यक्तींच्या माहितीपर्यंत परक्याचा हात पोहोचल्याचे जाहीर केले, तेव्हा माहिती एन्क्रिप्ट करण्याची आपली पद्धत असली तरी ज्या प्रकारे शिरकाव झाला त्यात ती उलगडणेही शक्य झाले, असे तिला सांगावे लागले.

साठवणीतील एन्क्रिप्शनने वाटेवरील माहितीही सुरक्षित होते असे नाही; त्यासाठी 'सिक्युअर-ट्रान्सपोर्ट' ही निराळी अट घालून एचटीटीपीएसखेरीज आलेल्या विनंत्या नाकाराव्या लागतात. शिवाय एन्क्रिप्शन नेहमी मालकाच्याच बाजूने असते असेही नाही. एस-थ्रीमध्ये ग्राहकाने स्वतःची किल्ली प्रत्येक विनंतीसोबत पाठवण्याचा एक पर्याय असून ती किल्ली ॲमेझॉन साठवून ठेवत नाही. चोरलेल्या ओळखपत्रांनी शिरून, याच पर्यायाने दुसऱ्याच्या फायली आपल्या किल्लीने बंद करून खंडणी मागण्याचे प्रकार जानेवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. ज्या संस्थेला हा पर्याय लागतच नाही तिने त्याचे हेडर असलेली प्रत्येक विनंती पॉलिसीतूनच नाकारावी.