‘गॅस झालाय’ म्हणून झोपू नका

२९ ऑक्टोबर २०२१ हा दिवस बेंगळुरूकरांना अजून आठवतो. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार, चाहत्यांचे लाडके ‘अप्पू’, त्या सकाळी अस्वस्थ वाटू लागल्याने डॉक्टरांकडे गेले. तिथून त्यांना रुग्णालयात हलवलं गेलं, पण ते वाचले नाहीत. वय अवघं ४६ आणि व्यायामाची आवड सगळ्यांना ठाऊक असलेली. पुढचे काही दिवस शहरातल्या हृदयरोग रुग्णालयांत तपासणीसाठी तरुणांची रीघ लागली होती. कित्येकांना काहीच झालेलं नव्हतं. फक्त धास्ती बसली होती.

त्या धास्तीतून एक प्रश्न मात्र कामाचा निघतो. आज रात्री तुमच्या घरात कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर पहिल्या तासात तुम्ही काय कराल?

बहुतेक घरांत काय होतं, हे आपण सगळे जाणतो. ओवा दिला जातो, सोडा पाजला जातो, पाठीवर बाम चोळला जातो. “रात्रीचं जेवण जड झालं असेल, जरा पडा, बरं वाटेल.” ढेकर आली की सगळे निर्धास्त होतात. आणि मौल्यवान वेळ निघून जातो.

हा वेळ किती जातो, याचा हिशोब झालेला आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या संशोधकांनी देशभरातल्या ८९ केंद्रांमधून २० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती जमवली. ती २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ होता ३६० मिनिटं. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहूनही जास्त लागले! रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारं औषध मिळायला लागणारा वेळ त्या मानाने थोडा होता, साधारण ५० मिनिटं. खरा उशीर वाटेत आणि त्याहून जास्त आपल्या घरातच होतो, असं मला वाटतं.

हृदयाच्या आत काय घडतं?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचत असतो. वर्षानुवर्षं त्याचा काही त्रास होत नाही. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू मरायला लागतो. तो एका क्षणात मरत नाही, तासातासाने मरत जातो. म्हणूनच लवकर पोहोचणाऱ्याचं हृदय बरंचसं वाचवता येतं.

‘कार्डिॲक अरेस्ट’ ही वेगळी गोष्ट. त्यात हृदयाचं काम अचानक थांबतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. हार्ट अटॅकमुळे असं होऊ शकतं, पण हार्ट अटॅक आलेला माणूस बराच वेळ तुमच्याशी बोलत, चालतही असू शकतो. त्याला चालता येतंय म्हणून फसू नका.

दुखणं सुईसारखं टोचणारं असेलच असं नाही. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखा दाब, आवळल्यासारखं वाटणं, जळजळ असंही ते असतं. ते डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाऊ शकतं. सोबत दरदरून थंड घाम आला, दम लागला, मळमळलं, तर शंका घेत बसू नका. बायकांमध्ये, मधुमेह असलेल्यांमध्ये आणि वयस्कर माणसांमध्ये छातीत दुखतच नाही असंही होतं. नुसता थकवा, धाप, गरगरणं एवढंच. आई म्हणते, “काही नाही रे, दमलेय जरा,” आणि भाकऱ्या थापत राहते. तिच्या या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला ईसीजी साधा आला म्हणून सुटका झाली असं नसतं. त्रास चालू असेल तर तो पुन्हा काढतात. सोबत ‘ट्रोपोनिन’ ही रक्ततपासणी करतात. स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण ते वाढायला काही तास लागू शकतात. म्हणून तीही पुन्हा करावी लागते. डॉक्टर थांबायला सांगत असतील तर “रिपोर्ट नॉर्मल आहे” म्हणून घरी जायची घाई करू नका.

धमनी पूर्ण बंद झाली असेल तर ती उघडणं हाच उपचार. अँजिओप्लास्टी उत्तम. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून फुग्याने वाट मोकळी करतात आणि स्टेंट बसवतात. पण दोन तासांच्या आत ती होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं लागतं. ते पहिल्या काही तासांत सर्वांत गुणकारी ठरतं. बारा तास उलटून गेल्यावर त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

इथेच अप्पूंचं नाव पुन्हा येतं. कर्नाटक सरकारने त्यांच्या नावाने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली. तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो तज्ज्ञांनी दुरून तपासायचा आणि गरज असल्यास टेनेक्टेप्लेज हे महागडं इंजेक्शन तिथेच मोफत द्यायचं, मग रुग्णाला जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या मोठ्या केंद्रात हलवायचं, अशी तिची रचना. खानापूर, निपाणीकडे तुमचे आईवडील राहत असतील, तर त्यांच्या तालुका रुग्णालयात ही सोय आहे का, एकदा विचारून ठेवा. इंजेक्शनने बरं वाटलं तरी मोठ्या केंद्रात जायलाच हवं. पुढची अँजिओग्राफी टाळायची नसते.

तोवर घरात काय करायचं?

माणसाला टेकून बसवा. जिने उतरायला, चालायला लावू नका, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ तर मुळीच देऊ नका. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट अनेकांच्या पाकिटात असते, पण ती दुसऱ्याची उचलून देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घात करू शकते.

माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका, बरगडी जुळते.

बेंगळुरूत राहणाऱ्यांना आणखी एक सांगते. संध्याकाळी सात वाजता सिल्क बोर्डच्या सिग्नलवर दोन किलोमीटरला किती वेळ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून ‘सर्वांत चांगलं’ रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर त्या घटकेला ते तुमच्या कामाचं नाही. चोवीस तास अँजिओप्लास्टी करणारं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं, हे आजच विचारून त्याचा नंबर फोनमध्ये घाला. घरातल्या मोठ्यांच्या जुन्या ईसीजीचा आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटोही त्याच फोनमध्ये असू द्या. नव्या ईसीजीत काय बदललं, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच दिसतं.