खेड्यांतील दवाखान्यांचा नोकरवर्ग

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं दवाखाना म्हटला कीं डोळ्यांपुढें इमारत येते. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं विचार केला तो माणसांचा: ४०,००० वस्तीस एक आरोग्यकेंद्र, त्यांत २ डॉक्टर, ४ आरोग्य-परिचारिका, ४ सुइणी, आणि सरकारी डॉक्टरानें खासगी धंदा करूं नये. (मंठा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें, अहवाल ब्रिटिश हिंदुस्थानापुरता!)

आज मैदानी मुलखांत ३०,००० वस्तीस केंद्र व ५,००० वस्तीस उपकेंद्र असें प्रमाण आहे. परंतु २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून पुष्कळशी भरती करारानें होऊं लागली. एकाच उपकेंद्रांत दोघी परिचारिका तेंच काम करितात. एकीस पूर्ण वेतनश्रेणी, दुसरीस ठराविक मानधन. दुसरीनें त्याच गांवीं बिऱ्हाड थाटून वर्षानुवर्षें रहावें, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटते.

दहा वर्षें सेवा झालेल्यांस नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें मार्च २०२४ मध्यें काढला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्यें राज्यभरच्या करार-कर्मचाऱ्यांना संपावर जावें लागलें.