विद्युतधारेचा बाण उलटा का?

विद्युतधारा घटाच्या धन अग्राकडून ऋण अग्राकडे वाहते, असे शाळेत शिकविले जाते. तारेतून प्रत्यक्ष सरकणारे इलेक्ट्रॉन मात्र नेमके उलट दिशेने जातात, हेही त्याच पुस्तकात असते. मग खरे काय मानायचे, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. त्याचे उत्तर अठराव्या शतकात सापडते.

काच घासून मिळणारी वीज आणि राळ घासून मिळणारी वीज भिन्न असल्याचे फ्रान्सच्या शार्ल द्यू फे यांनी १७३३ मध्ये दाखविले. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये वेगळी मांडणी केली. वीज हा एकच प्रवाही पदार्थ असून तो अधिक झाला की वस्तू धन आणि उणा झाला की ऋण, असे त्यांचे म्हणणे होते. घासलेल्या काचेत तो वाढतो, असे त्यांनी गृहीत धरले. ते पडताळण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

पुढे १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. काच रेशमावर घासताना इलेक्ट्रॉन काचेकडून रेशमाकडे जातात, हे स्पष्ट झाले. म्हणजे काचेत वाढ नव्हे, तर तूट होते! प्रचलित संकेतानुसार इलेक्ट्रॉनच्या वाट्याला ऋण चिन्ह आले. तोवर दीडशे वर्षांचे ग्रंथ आणि सूत्रे जुन्या संकेतावर उभी होती.

तो बदलण्याची निकडही भासली नाही. ऋण प्रभार डावीकडे जाणे आणि तितकाच धन प्रभार उजवीकडे जाणे, परिपथाच्या गणितात सारखेच ठरते. शिवाय विद्युतधारा म्हणजे केवळ इलेक्ट्रॉनचा प्रवाह नव्हे. मिठाच्या द्रावणात धन व ऋण आयन परस्परविरुद्ध दिशांनी सरकतात. काही अर्धवाहकांत इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा धन प्रभारासारख्या वागतात. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामाच्या साहाय्याने, वाहकांचा प्रभार धन की ऋण, हे चुंबकीय क्षेत्रात ओळखता येते.

डायोडच्या चिन्हातील बाणही फ्रँकलिन यांच्याच संकेताची दिशा दाखवितो. म्हणून गणित सोडविताना एकच संकेत शेवटपर्यंत पाळावा. मध्येच दिशा बदलली की उत्तराचे चिन्ह चुकते. प्रभार दोन प्रकारचे असणे ही निसर्गाची रीत, तर त्यांतील कोणाला धन म्हणावे, हा माणसाने केलेला करार आहे.