रॅम : झगमगाट की झपाटा?

नवा डेस्कटॉप जुळवून घ्यायचा ठरला, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आठवडाभर खल होतो. रॅमची पाळी आली की मात्र निवड अनेकदा डोळ्यांवर सोडली जाते. लॅमिंग्टन रोडवरचे दुकान असो वा ऑनलाइन बाजार, समोर दोन प्रकारची पाकिटे येतात. एकात काचेच्या कॅबिनेटमधून रंग बदलत राहणारी ‘आरजीबी’ रॅम, तर दुसऱ्यात काळ्या पत्र्याच्या आवरणातली साधी दिसणारी जोडी. दोन्हींवर ‘३२ जीबी डीडीआर५’ असेच छापलेले असते. दिव्यांच्या पाकिटाला थोडे जास्त पैसे पडतात आणि ‘चकाकते ते वेगवानही असणार’ असा समज सहज होतो.

हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी प्रचंड वाढल्याने चिप उत्पादकांनी आपला मोर्चा तिकडे वळवला आणि २०२५ च्या अखेरीस घरगुती संगणकाच्या रॅमचे भाव जगभर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. अशा वेळी रॅमसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला कोणता भाग कामाला येतो आणि कोणता फक्त शोभेला, हे समजून घेतलेले बरे.

पत्र्याखाली काय असते?

रॅमच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार आहे की नाही, यावरून ‘१’ किंवा ‘०’ ठरतो. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले आणि आजची डीडीआर५ रॅमही त्याच तत्त्वावर चालते. हा भार सतत गळत असतो. म्हणून डीडीआर५ मध्ये साधारण दर ३२ मिलिसेकंदांत प्रत्येक पेशी वाचून पुन्हा भरावी लागते. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर हे काम दुप्पट वेळा करावे लागते.

जगातील बहुतांश रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कॉर्सेअर, जी.स्किल यांसारख्या कंपन्या या चिप घेऊन पट्टीवर बसवतात, त्यांची चाचणी घेतात आणि प्रतवारी करतात. जास्त वेग सहन करणाऱ्या चिप महागड्या किटमध्ये जातात, बाकीच्या स्वस्त किटमध्ये. आंब्याची पेटी भरताना फळे निवडावीत, तसाच हा प्रकार. दिवे लागतात ते या प्रतवारीनंतर. पट्टीच्या वरच्या कडेला एलईडी आणि त्यांना हुकूम देणारी एक छोटी चिप बसवली जाते. माहितीच्या वाहतुकीशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे दिव्यांनी रॅमचा वेग वाढत नाही आणि सहसा कमीही होत नाही. एकाच प्रतीच्या चिप दिव्यांच्या आणि बिनदिव्यांच्या, दोन्ही पट्ट्यांत सापडू शकतात.

दिवे आणि मेमरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, याचा पुरावा खुद्द बाजारानेच दिला. २०१८ मध्ये गिगाबाइट कंपनीने ‘ऑरस’ नावाचे चार पट्ट्यांचे किट आणले. त्यातल्या दोन पट्ट्यांत ८-८ जीबी मेमरी होती, उरलेल्या दोन नुसत्या चमकणाऱ्या, आत मेमरीच नव्हती. मदरबोर्डचे चारही खाचे उजळलेले दिसावेत, एवढाच त्यांचा उपयोग. कॉर्सेअरनेही फक्त दिव्यांच्या अशा पट्ट्या विकल्या आहेत.

आधी क्षमता, मग जोडी

वेगाच्या आकड्यांकडे जाण्याआधी क्षमता पाहावी. रॅम भरली, की संगणक काही माहिती एसएसडीवर हलवतो. एसएसडी कितीही चांगली असली, तरी तिच्यातून माहिती मिळायला रॅमच्या शेकडो पट वेळ लागतो. त्यामुळे १६ जीबीची अतिवेगवान रॅम घेऊन त्यावर मोठ्या व्हिडिओंचे संपादन करण्यापेक्षा साध्या वेगाची ३२ जीबी केव्हाही बरी. कार्यालयीन काम, इंटरनेट आणि अभ्यासासाठी १६ जीबी पुरते. नवे गेम, व्हिडिओ आणि त्रिमितीय आराखड्यांसाठी ३२ जीबी घेणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट जोडीची. घरगुती डेस्कटॉपच्या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे दोन मार्ग असतात. एकच पट्टी लावली, तर एक मार्ग रिकामा राहतो. ६००० वेगाची डीडीआर५ पट्टी सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहते. तशा दोन लावल्या, तर ९६ जीबी. ज्यांच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांना हा फरक सर्वाधिक जाणवतो, कारण प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग याच रॅमवर जगतो. तेव्हा एका चमकत्या १६ जीबी पट्टीऐवजी ८-८ जीबीची साधी जोडी अशा संगणकाला अधिक मानवते.

वेगाचे दोन आकडे

पाकिटावर ‘डीडीआर५-६०००, सीएल ३०’ असे काही तरी लिहिलेले असते. पहिला आकडा वाहतुकीचा. ६००० म्हणजे माहितीच्या प्रत्येक तारेवर सेकंदाला ६०० कोटी फेऱ्या. दुकानात याला सर्रास ‘मेगाहर्ट्झ’ म्हणतात. प्रत्यक्षात घड्याळाचा ठोका त्याच्या निम्मा, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झ असतो आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते. दुसरा आकडा प्रतीक्षेचा. माहिती मागितल्यावर ती बाहेर पडेपर्यंत किती ठोके थांबावे लागते, ते ‘सीएल’ सांगतो.

दोन किटची तुलना करायला एक साधे गणित पुरते. सीएलला २००० ने गुणावे आणि वेगाच्या आकड्याने भागावे. उत्तर नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशांत मिळते. ६००० सीएल ३० ला १० नॅनोसेकंद येतात. ६००० सीएल ४० ला १३.३. म्हणजे दोन्ही पाकिटांवर ‘६०००’ असूनही दुसरे किट प्रत्येक वेळी एक तृतीयांश जास्त थांबते. ६४०० सीएल ४० चा आकडा मोठा दिसतो, पण प्रतीक्षा १२.५ नॅनोसेकंदांची. गंमत म्हणजे जुन्या डीडीआर४-३२०० सीएल १६ लाही १० नॅनोसेकंदच लागतात. नव्या पिढीने प्रतीक्षा फारशी घटवलेली नाही, वाहतूक मात्र जवळपास दुप्पट केली आहे. प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचा पूर्ण फेरा याहून बराच मोठा असतो, पण तुलनेसाठी हे गणित भरवशाचे.

सर्वात मोठ्या आकड्यामागे धावण्याचेही कारण नाही. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आणली, तेव्हा त्यासाठी ६००० हाच सोयीचा वेग असल्याचे सांगितले होते. शिवाय ७८००एक्स३डी सारख्या प्रोसेसरमध्ये ९६ एमबीची एल३ कॅश असते. त्यामुळे त्याला रॅमकडे कमी वेळा जावे लागते आणि महागड्या किटचा फायदा आणखी घटतो.

दिव्यांची छुपी किंमत

दिवे वेग खात नसले, तरी जागा खातात. जी.स्किलच्या ‘ट्रायडेंट झेड५ आरजीबी’ पट्टीची उंची ४४ मिलिमीटर, तर त्याच कंपनीच्या बिनदिव्याच्या ‘फ्लेअर एक्स५’ची ३३. प्रोसेसर थंड ठेवणारे मोठे हवाई कूलर रॅमच्या डोक्यावर येतात. नॉक्टुआच्या लोकप्रिय एनएच-डी१५ कूलरला दोन्ही पंखे नेहमीच्या जागी लावले, तर खाली ३२ मिलिमीटरच जागा उरते. उंच रॅम घेतली, की पंखा वर सरकवावा लागतो आणि मग कॅबिनेटचे दार लागेल की नाही, हा नवा प्रश्न उभा राहतो.

खाचांचा मोह त्याहून महाग पडतो. चारही खाचे उजळावेत म्हणून चार पट्ट्या घेतल्या, तर डीडीआर५ चा वेग घसरू शकतो. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे. चार पट्ट्यांना तो ३६०० वर येतो. म्हणून ३२ जीबी हवी असेल, तर १६-१६ जीबीच्या दोनच पट्ट्या घ्याव्यात.

तिसरी अडचण सॉफ्टवेअरची. रॅमची ओळख मदरबोर्डला सांगणारी चिप ज्या तारांवरून बोलते, त्याच तारांवरून सहसा दिव्यांचे हुकूमही जातात. रॅमचे, मदरबोर्डचे आणि पंख्यांचे अशी तीन वेगवेगळी लायटिंग सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवली, तर गोंधळ होऊ शकतो. एकच सॉफ्टवेअर ठेवणे इष्ट.

बायोसमधला विसरलेला पर्याय

वेगवान किट घेऊनही अनेकांना तो वेग मिळत नाही. संगणक पहिल्यांदा सुरू होतो, तेव्हा रॅम सुरक्षित, ठरावीक वेगाने चालते. डीडीआर५ मध्ये तो अनेकदा ४८०० असतो. पाकिटावरचा वेग हवा असेल, तर बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या संगणकात ‘एक्सएमपी’ आणि एएमडीच्या संगणकात ‘एक्स्पो’ हा पर्याय सुरू करावा लागतो. याच मुद्द्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी कॉर्सेअरवर दावा लावला होता. छापलेला वेग पाकीट उघडताच मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण २०२५ मध्ये ५५ लाख डॉलरची तडजोड केली.

या पर्यायाने रॅमचा व्होल्टेजही वाढतो. डीडीआर५ चा प्रमाणित व्होल्टेज १.१ आहे, ६००० सीएल ३० किटना तो बहुधा १.३५ लागतो. ते जमले नाही, तर संगणक बंद पडतो किंवा त्याहून वाईट म्हणजे कुरकुर न करता एखादा ‘०’ चा ‘१’ करून टाकतो. फोटो, हिशेबाची फाइल, प्रबंध यांत असा बिघाड शिरला, तर तो कित्येक महिन्यांनी उघडकीस येतो. गूगलच्या सर्व्हरवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या होत्या. सर्व्हरमध्ये चुका दुरुस्त करणारी रॅम असते, घरगुती संगणकात सहसा नसते. डीडीआर५ च्या चिपमध्ये अंतर्गत दुरुस्तीची सोय आहे, पण माहिती चिपबाहेर पडल्यावर वाटेत झालेली चूक ती पकडू शकत नाही.

म्हणून किट निवडताना मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरील तपासलेल्या रॅमच्या यादीत त्याचा क्रमांक आहे का, ते पाहावे. रॅम बसवून पर्याय सुरू केल्यावर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग तपासावा आणि रात्रभर ‘मेमटेस्ट८६’ची चाचणी लावावी. एक जरी चूक दिसली, तरी वेग एक पायरी उतरवावा. चूक तरीही राहिली, तर किट बदलून घ्यावे. बिल सांभाळून ठेवावे, कारण नामांकित कंपन्यांची रॅमवरची हमी प्रदीर्घ असते.

एवढे सगळे जुळल्यावर दोन किट सारख्याच आकड्यांची निघाली, कूलरखाली जागा असली आणि भावातला फरक किरकोळ असला, तर दिव्यांची रॅम घ्यायला काहीच हरकत नाही. रोज समोर असणारी वस्तू देखणी असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. फरक मोठा असेल, तर मात्र साधी पट्टी घेऊन उरलेले पैसे जास्त क्षमतेत किंवा एसएसडीत घालावेत. दिव्यांचीच हौस असेल, तर कॅबिनेटमध्ये चिकटवायची एलईडी पट्टी थोडक्या पैशांत मिळते आणि ती लावायला रॅमचा एकही खाचा अडवावा लागत नाही.